कॅप्टनसमोर फक्त ‘नाही’ म्हणायचं

विमानतळावर माणसाला अडवतो तो पोलीस, असा तुमचा समज असेल तर तो काढून टाका. पोलीस नंतर येतो. आधी अडवतो तो माझ्यासारखा शर्ट खोचलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला पगारी माणूस, ज्याला कायद्याने काडीचाही अधिकार दिलेला नाही. कुवेतच्या विमानतळावर मी अर्धं आयुष्य हेच केलं. आता दाभोळच्या खाडीकाठी गावी बसून कलमांना पाणी घालतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन केला, “अन्वरभाई, विमानतळावरच्या गमतीजमती लिहा, लोकांना जरा हसू द्या.” गमती आहेत. एकदोन सांगतो, आणि मग मला जे सांगायचंय ते सांगतो.

आमच्या कामाला ‘डॉक्युमेंट चेक’ म्हणतात. विमानात चढायच्या आधी शेवटच्या दरवाजाशी एक उंच टेबल असतं, तिथे मी उभा. पासपोर्ट हातात घ्यायचा, पान बोटांनी चाचपायचं, शिवणीचा दोरा बघायचा, फोटोवरच्या प्लास्टिकची कड नखाने तपासायची, निळ्या दिव्याखाली धरायचं. हे सगळं पाव मिनिटात, कारण मागे रांग ओरडत असते. खोटा व्हिसा ओळखायला भिंग लागतं हे खरं, पण आधी माणूस बघावा लागतो. खरा प्रवासी वैतागलेला असतो. खोट्या कागदाचा माणूस फार समजूतदार वागतो, तुम्हाला आधीच “थँक्यू” म्हणतो.

चिपळूणकडच्या एक मावशी आठवतात. मुलाकडे लंडनला निघालेल्या, कुवेतला विमान बदलायचं. व्हिसा चोख, पासपोर्ट चोख, आणि हातातल्या पिशवीत चक्क पाटा-वरवंटा. म्हटलं, “मावशी, हे वर नेता येत नाही.” म्हणाल्या, “का रे, विमान पडेल काय? सुनेच्या मिक्सरातलं वाटप खाऊन माझा मुलगा वाळला तिकडे!” शेवटी पाटा खाली सामानात गेला, वरवंटा मात्र त्यांनी विमान सुटेपर्यंत छातीशी धरला होता. आणि एक जानेवारीला जन्मलेली माणसं तर रोज शेकड्याने भेटायची. खरी तारीख कुणाच्या आईलाही ठाऊक नसते, एजंट एक जानेवारी ठोकून देतो. “बड्डे कधी?” विचारलं की माणूस आढ्याकडे बघतो, आणि मागच्या रांगेतला त्याचा गाववाला ओरडून सांगतो, “अरे, फर्स्ट जानेवारी बोल!”

झालं हसून? आता ऐका.

हे टेबल तिथे कोणी ठेवलं, कधी विचार केलाय? कुवेतने नाही ठेवलं. ते ठेवलं विमान जिथे उतरणार त्या देशांनी. त्यांचा कायदा मोठा गोड आहे. जो कोणी जिवाच्या भीतीने आमच्या भूमीवर येऊन आश्रय मागेल त्याचं म्हणणं आम्ही ऐकून घेऊ, ऐकल्याशिवाय त्याला हाकलणार नाही. वा! शाबास! फक्त त्या भूमीवर पाय ठेवायला विमान लागतं, आणि त्याच देशांनी विमान कंपन्यांना बजावलंय, बिनव्हिशाचा माणूस आणलात तर दंड भरा. कंपनी तो दंड आमच्या ठेकेदाराच्या डोक्यावर मारते आणि ठेकेदार आमच्या पगारातून कापतो. जीव घेऊन पळणाऱ्याला व्हिसा कोण देतो? कोणी नाही. म्हणजे आश्रय मागायचा हक्क आहे आणि मागायच्या जागेपर्यंत जाण्याचा रस्ता नाही. त्या रस्त्यावर उभा केलाय दापोली तालुक्यातला अन्वर सोलकर, त्याला पोट आहे म्हणून. तिकडचे साहेब लोक हात स्वच्छ ठेवून भाषणं देतात. हरामखोरपणा याला नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

एका दुपारी माझ्या टेबलाशी एक माणूस आला. त्याचं खरं नाव लिहीत नाही, त्याच्या देशाचंही लिहीत नाही, तिथे त्याची आई आहे. युसुफ म्हणू या. अरबी बोलणारा, चाळिशीतला, इस्त्री केलेला शर्ट, खांद्याला कॅमेऱ्याची रिकामी बॅग. युरोपातल्या एका शहराचं तिकीट. व्हिसा मी सगळीकडून तपासला, एकदम अस्सल. पण संगणकावर नंबर टाकला तर लाल अक्षरं आली. व्हिसा देणाऱ्यांनीच तो सकाळी मागे घेतला होता, आणि तोवर हा पहिल्या विमानातून कुवेतला उतरलेला.

मी त्याला बाजूला घेतलं. अरबी माझी बाजारातली, पण काम चालतं. म्हटलं, तुमचा व्हिसा रद्द आहे, या विमानात नाही जाता येणार. त्याने तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, “हाजी, मग मला इथेच लुजू मागायचाय.” तिकडे मोठ्या वयाच्या दाढीवाल्याला हाजी म्हणतात, हजला गेलेला असो वा नसो. आणि लुजू म्हणजे आश्रय.

आता याला काय सांगू? कुवेतमध्ये त्या अर्जाची खिडकीच नाही. तसा कायदाच केलेला नाही. परदेशी माणूस तिथे कामाच्या कागदावर राहतो, कागद संपला की जातो. मीसुद्धा तसाच राहिलो आणि तसाच परत आलो. आणि ज्याला पुढेही जाता येत नाही, आतही येता येत नाही, त्याच्यासाठी जगभर एकच नियम आहे. ज्या कंपनीने आणला तिनेच, तिच्या पुढच्या विमानाने, जिथून आणला तिथे नेऊन सोडायचा. म्हणजे ज्या गावातून तो पळाला त्याच गावाला. त्याच्या कंपनीचं पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, त्यानंतर एकदम तीन दिवसांनी.

ट्रान्झिटच्या हॉलमध्ये लोखंडी बाक आहेत, थंडीने कुडकुडायला होईल इतका एसी. तिथे त्याला बसवलं. मी जवळ गेलो की हा उठून उभा राहायचा. “बसा हो,” म्हणावं तर मी बसेपर्यंत बसायचा नाही. पाण्याची बाटली दिली तर आधी मला विचारलं, तुम्ही प्यालात का? अशी माणसं हल्ली घरात सापडत नाहीत, आणि ही आम्ही परत पाठवायची.

त्याचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. गावातल्या निम्म्या लग्नांचं शूटिंग त्याने केलेलं. एका बड्या अधिकाऱ्याच्या घरच्या लग्नात हा वरातीसाठी फाटकाशी कॅमेरा लावून उभा होता. त्या अधिकाऱ्याच्या माणसांनी शेजारच्या गल्लीतून एका मुलाला ओढत आणलं आणि फाटकासमोर मारलं. मेला तो. वाजंत्री चालू होती, कॅमेराही चालू होता. युसुफने ते चित्रण मुलाच्या आईला नेऊन दिलं. “तिला कळायला हवं होतं ना, हाजी? तिला सांगितलं होतं, मुलगा पळून गेला.” आईने ते जगाला दाखवलं. मग युसुफच्या दुकानाला आग लागली, आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या माणसाला उचलून नेलं. तो परत आला नाही. हे सगळं त्याने मला आवाज न चढवता सांगितलं, आणि मधेच माझं वाकडं झालेलं ओळखपत्र हात पुढे करून सरळ केलं. म्हणाला, “माफ करा, सवय आहे. माणूस वाकडा दिसलेला बघवत नाही.”

मी संध्याकाळी ड्युटी मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर आपलाच, मुंबईचा, पाठारे. वयाने माझ्यापेक्षा लहान, हुद्द्याने वर. म्हटलं, “पाठारे साहेब, या माणसाला उद्या पाठवला तर तो मरेल.”

“अन्वरभाई, तुम्हाला कोणी सांगितलं?”

“त्यानेच.”

“सगळेच सांगतात.”

“सगळे ओरडून सांगतात. हा माफी मागत सांगतो.”

पाठाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दुष्ट माणूस नव्हे तो, उगाच का म्हणू. आम्ही भारतीय राहायचो त्या अब्बासिया वस्तीत गणपतीच्या आरतीला मला फोन करून बोलवायचा आणि माझी बायको नसीम त्याच्या मुलांना ईदला शिरखुर्मा पाठवायची. म्हणाला, “आपण हमाल आहोत, अन्वरभाई. बॅगेत काय आहे ते हमाल विचारत नाही. उद्याच्या विमानात चढवा आणि मोकळे व्हा.”

“बॅग मरत नाही, साहेब,” म्हटलं आणि बाहेर आलो. डोकं तापलं होतं.

घरी नसीमला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. हात थांबवून म्हणाली, “काय खाल्लंन त्याने?” मला माहीत नव्हतं. “चांगलं आहे! जीव वाचवायच्या गोष्टी करताय आणि जेवलाय का ते विचारलं नाही!” सकाळी तिने डबा दिला. तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं कालवण आणि वर नानकटाईची एक वेगळी पुडी, “चहाबरोबर दे,” म्हणून.

निर्वासितांचं काम बघणारं संयुक्त राष्ट्रांचं एक कार्यालय शहरात आहे. ड्युटीवर पोचल्या पोचल्या मी तिथे फोन लावला. फोनवरच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, त्याची केस ऐकण्यासारखी आहे, दुसऱ्या एखाद्या देशाशी बोलता येईल, पण आधी मला त्याला भेटावं लागेल आणि विमानतळाच्या आत यायला पास लागतो. पास उद्या मिळेल. म्हटलं, “बाई, विमान आज आहे.” त्या म्हणाल्या, “आजचं विमान कसंही करून चुकू द्या. उद्या सकाळी मी त्याच्यापर्यंत पोचले की त्याला माझ्या परवानगीशिवाय कोणी हलवू शकणार नाही.”

कसंही करून! पण एक रस्ता होता आणि तो मला ठाऊक होता. विमानाच्या दारात शेवटचा शब्द कॅप्टनचा असतो. परत पाठवलेल्या माणसाचा पासपोर्ट लिफाफ्यात घालून तो आम्ही मुख्य एअर होस्टेसच्या हातात देतो, माणसाला सगळ्यांच्या आधी चढवतो, आणि कॅप्टन त्याला एकदा बघून सही करतो. त्या वेळी माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणाला की मला जायचं नाही, तर कॅप्टन त्याला नाकारू शकतो. बहुतेक नाकारतातच. दया म्हणून नव्हे, उगाच गैरसमज नको. वर आकाशात माणूस बिथरला तर काय करायचं, एवढीच भीती. अख्ख्या विमानतळावर आश्रयाची खिडकी म्हणता येईल अशी ती एकच जागा, आणि तीसुद्धा धिंगाण्याच्या धाकाने ठेवलेली. त्यामुळे काय होतं बघा. जो शिव्या देतो, कपडे फाडतो, जमिनीवर लोळतो, तो राहतो. जो सभ्य, तो जातो. मी वर्षानुवर्षं हेच बघत आलो. चांगल्या घरचा माणूस आम्हाला हवा तसा मुकाट चालत जातो.

युसुफ जेवत होता तेव्हा मी त्याला हे समजावलं. “एकच शब्द. कॅप्टनसमोर ‘नाही’ म्हणायचं. अरबीत ‘ला.’ दुसरं काही नाही.”

“आणि कारण?”

“कारण द्यायचं नाही. कारण दिलं की गप्पा सुरू होतात. चला, मी कॅप्टन.” मी उभा राहिलो, छाती पुढे काढली. “अस्सलामु अलैकुम!”

“व अलैकुम अस्सलाम,” युसुफ उठून उभा राहिला, हात छातीवर.

“अहो, बोलायचं नाही!”

“हाजी, सलामाचं उत्तर कसं देणार नाही?” त्याचं बरोबर होतं. सलामाचं उत्तर देणं आम्हा लोकांत फर्ज आहे, ते चुकवलं की पाप. मी लहानपणापासून तेच शिकलो. म्हटलं, “बरं, सलामाचं तेवढं उत्तर द्या. पुढे फक्त नाही. कसे आहात?”

“अल्हम्दुलिल्लाह, उत्तम.”

मी कपाळावर हात मारला. तोही हसला. तुम्हाला सांगायला हवं, हे उत्तर माणूस विचार करून देत नाही. घर जळालं असेल, बाप गेला असेल, तरी कसे आहात म्हटलं की आधी अल्हम्दुलिल्लाह, अल्लाची कृपा, सगळं ठीक. मग दम घेऊन रडगाणं. माझे वडील शेवटच्या आजारात, तोंडातून शब्द फुटत नव्हता, तरी डॉक्टरने विचारलं की तेच पुटपुटायचे. तक्रार करायची म्हणजे देवाचीच तक्रार केल्यासारखं होतं. आम्ही पुन्हा पुन्हा तालीम केली. शेवटी शेवटी त्याला जमायला लागलं. मी विचारायचो, “कसे आहात?” तो डोळे मिटून म्हणायचा, “नाही.” प्रत्येक वेळी नंतर माफी मागायचा. मी दटावलं, “माफी मागितलीत तर डबा परत घेईन!”

दुपारी आम्ही तिघे निघालो. पुढे पाठारे, मधे युसुफ, मागे लिफाफा घेऊन मी. विमानाच्या दारापर्यंत नेणाऱ्या बोगद्यासारख्या वाटेत काचेतून उन्हाची धग आत येत होती. पाठारे मला मराठीत म्हणाला, “काही पढवलंय का तुम्ही याला?” म्हटलं, “जेवण घातलंय.”

विमानाच्या दारात मुख्य एअर होस्टेस उभी होती, सलमा नावाची. मला ओळखायची. तिने लिफाफा घेतला, कॅप्टनला हाक मारली. मला वाटलं होतं कोणी घाईतला, घड्याळ बघणारा येईल, हा नाही म्हणेल, तो खांदे उडवेल, संपलं. आला तो पांढऱ्या केसांचा, हसतमुख, युसुफच्याच देशाचा माणूस. टोपी काखेत. दोन्ही हात पुढे केले त्याने.

“अस्सलामु अलैकुम, बेटा!”

युसुफने उत्तर दिलं. ते ठरलेलंच होतं.

“कुठल्या गावचा? … अरे, माझी आजी तिथली! वडील?”

“वारले. अल्ला त्यांच्यावर रहम करो.”

“आमीन. आई बरी आहे?”

“अल्हम्दुलिल्लाह.”

मी मागून त्याच्या पाठीला बोट टोचलं.

“मुलंबाळं?”

“अल्हम्दुलिल्लाह.”

“आणि तू? तू कसा आहेस?”

युसुफने डोळे मिटले. बोला, साहेब, बोला. एक शब्द आहे. कॅप्टनने त्याचा हात अजून दोन्ही हातांत धरला होता. आपल्या मातीचा, बापाच्या वयाचा माणूस, हात धरून विचारतोय. अशा माणसाच्या तोंडावर नाही म्हणायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि मी एका दिवसात ते कुठून शिकवणार?

“अल्हम्दुलिल्लाह,” युसुफ म्हणाला. “उत्तम.”

“तू माझा पाहुणा आहेस,” कॅप्टन म्हणाला. “माझ्या विमानात तुला कोणी हात लावणार नाही. शब्द देतो.” त्याने सलमाच्या हातातला कागद घेतला, सही केली आणि कॉकपिटकडे वळला.

मी ओरडलो. आयुष्यात कधी कॅप्टनवर ओरडलो नव्हतो. “कॅप्टन! त्याला जायचं नाहीये! जायचंय का ते विचारा, कसा आहेस काय विचारताय!”

तो थांबला. वळून माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मी विसरणार नाही. त्याला सगळं माहीत होतं. कोणाला परत नेतोय, कशासाठी, खाली कोण वाट बघतंय, सगळं. सवयीने केलं असतं तर मी माफ केलं असतं. त्याने ते चांगुलपणाने बोलून, हात धरून, मुद्दाम केलं. म्हणाला, “तो माझ्याशी बोलला. तुमच्यासमोर बोलला. काही तक्रार आहे त्याची?” आणि कॉकपिटचं दार लावून घेतलं.

मी आत घुसलो. शेवटच्या रांगेत युसुफला बसवलं होतं. मला बघून, मेल्या सवयीने, तो उठून उभा राहिला. म्हटलं, “आता ओरडा! ऐकताय का, अजून वेळ आहे, ओरडा!” तोवर बाकीचे प्रवासी येऊ लागले होते. पोरं, बायका, पिशव्या. एका बाईने तान्हं मूल काखेत धरून त्याला बॅग वर ठेवायला सांगितली. त्याने ठेवली. मग मला म्हणाला, “हाजी, माझ्या तोंडातून निघून गेलं. माफ करा. पण त्यांनी शब्द दिलाय. आपल्या माणसाने दिलेला शब्द आहे.”

“आपला माणूस गेला खड्ड्यात!”

“इथे लहान मुलं आहेत,” तो हलक्या आवाजात म्हणाला.

पाठाऱ्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. विमान सुटल्यावर आम्ही दोघं त्या बोगद्यात उभे राहिलो. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. बायकोसमोर बोलता येणार नाही अशा शिव्या दिल्या, त्याला, कंपनीला, व्हिसा परत घेणाऱ्या त्या गोऱ्या साहेबाला आणि कॅप्टनच्या सात पिढ्यांना. पाठारे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “त्याने एकदा नाही म्हटलं असतं तर मी पण अडवलं नसतं, अन्वरभाई. खरंच सांगतो.” मला ते खरं वाटलं आणि त्यानेच जास्त राग आला. एवढी मोठी यंत्रणा, इतके देश, इतके नियम, आणि सगळ्यांचं पाप शेवटी कोणाच्या माथी? तर तो बिचारा वाकडं बोलला नाही, त्याच्या माथी!

संध्याकाळी अब्बासियात मी दूध घ्यायला खाली उतरलो होतो तेव्हा सलमाचा आवाजी संदेश आला. विमान उतरल्यावर ती हॉटेलच्या खोलीतून बोलत होती. कॅप्टनने शब्द पाळला होता. विमानात कोणी हात लावला नाही. दार उघडलं तेव्हा शिडीच्या वरच्या पायरीवर दोन माणसं उभी होती. त्यांनी तिच्या हातातून लिफाफा घेतला आणि युसुफला आधी उतरवलं. शिडी संपायच्या आत त्याला मारायला सुरुवात केली होती. कॅप्टन कॉकपिटमध्ये कागद भरत बसला होता, बाहेर आला नाही. सलमा म्हणाली, “जाताना त्याने माझे आभार मानले.” दुकानदार मल्याळी माझ्याकडे बघत होता. मी दूध न घेताच वर आलो. नसीमने तोंड बघितलं आणि बिनदुधाचाच चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कार्यालयातल्या बाई आल्या. गळ्यात नवा कोरा पास, हातात फाइल, बरोबर दुभाषा, आणि युसुफसाठी एक बिस्किटांचा पुडा. धावत आल्या असाव्यात, दम लागला होता. बाक रिकामा दिसल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, “कसे आहेत ते?”

“उत्तम,” मी म्हटलं. “काल कॅप्टनला स्वतःच तसं सांगितलं. कंपनीकडे सही आहे.”

बाईंचा चेहरा खुलला. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि फाइल उघडून त्या बाकावर बसल्या. “बोलवा त्यांना.”